७१०चा शिक्का आणि साडेअकरा फुटी होडी

खाडीत गळ टाकायला, जाळं बघायला किंवा पलीकडच्या धक्क्यापर्यंत वल्हवत जायला लहानशी होडी घरच्या खळ्यात बांधायची म्हटली की पहिला प्रश्न लाकडाचा येतो. फणस-आईनाच्या फळ्यांची होडी बांधणारे हात कमी झालेत, आणि सांध्यात कापूस-राळ ठोकून पाणी अडवण्याची विद्या वाचून येत नाही. म्हणून घरी बांधणारा प्लायकडे वळतो: प्लायचे फळे कापायचे, कडा तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांधे इपॉक्सीने (दोन भाग कालवून कडक होणाऱ्या गोंदाने) भरायचे. इथे पारख केली आहे ती बाजारात मिळणाऱ्या ६ मिमी जाडीच्या, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याच्या मरीन प्लायची, आणि तीही या एकाच कामासाठी.

हा माल होडीला चालतो, आणि चांगला चालतो. मात्र शिक्का बघून निर्धास्त होऊ नका. शिक्क्याचा भर गोंदावर असतो. होडी खराब होते ती प्लायच्या पोटातल्या पोकळीमुळे आणि उघड्या राहिलेल्या कडेमुळे.

दुकानात सर्रास तीन प्रकार दाखवतात. आयएस ३०३चा एमआर, त्याच मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) आणि आयएस ७१०. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, तो होडीच्या जवळही आणू नका. बीडब्ल्यूआरच्या गोंदाची कसोटी ८ तास उकळून घेतात, ७१०च्या गोंदाची ७२ तास. ७१०च्या पापुद्र्यांना कीड-बुरशीविरुद्ध औषधही दिलेलं असतं. 'वॉटरप्रूफ आहे, तेच आहे' असं सांगून बीडब्ल्यूआर गळ्यात मारतात. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तो वर्षानुवर्षं टिकतो, पण भरतीला भिजणाऱ्या आणि ओहोटीला तापणाऱ्या तळाला तो घेऊ नये. शिक्क्यावर सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी आणि माल जुळतो का ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. क्रमांक पुसट असेल किंवा छापलेलाच नसेल, तर शीट परत ठेवा.

कोकणातल्या प्लायच्या दुकानांत १२ आणि १९ मिमीची उचल जास्त. ६ मिमीमध्ये ७१० बहुधा मागवावा लागतो, आणि घाईत बीडब्ल्यूआर येऊन पडतो. मागवताना तीन गोष्टी बोलून घ्या: ८ बाय ४चं शीट, पाच थरांचं, आणि कडा न ठेचलेलं. ६ मिमीत तीन थरांचं शीट आलं तर घेऊ नका. त्यात मधला थर जाड आणि वरचे दोन कागदासारखे असतात, एकदा पॉलिश पेपर फिरवला की वरचा थर संपतो.

शीट आलं की आधी वजन करा. गर्जनच्या (मरीन प्लायसाठी वापरतात त्या जड लाकडाच्या) ६ मिमी शीटचं वजन १२ ते १३ किलो भरतं. गर्जन म्हणून दिलेलं शीट ९ किलोच्या आसपास भरलं, तर आत पॉपलरसारखं हलकं लाकूड आहे असं समजा. आयात केलेला ओकुमे प्लायही ८-९ किलोच भरतो आणि वाकायला फार गोड असतो. पण ओकुमे मुळात कुजायला लवकर लागतो, आमच्या पावसात त्याला डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. गर्जन जड, ताठ आणि चिवट. म्यानमारने २०१४मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्यापासून अस्सल गर्जनच्या नावाखाली बरंच काही खपतं, म्हणून वजनकाट्याला लाजू नका.

मग कड बघा. गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसली तर फिनॉलिक गोंद, फिकट दिसली तर युरियाचा. रंग मिसळून फिकट गोंदही गडद करता येतो, म्हणून शेवटचा निकाल पातेल्यात लावायचा. शीटच्या कोपऱ्यातून ५ बाय १५ सेंटिमीटरची पट्टी कापा, ८ तास उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा ८ तास उकळा. त्यानंतर थरांच्या मध्ये पटाशी घालून उचकटा. लाकडाचे तंतू फाटले तर माल खरा. गोंदावरूनच थर सरळ सुटले तर त्या शीटची कपाटं बनवा.

पोकळी शोधायला एक रुपयाचं नाणं पुरतं. शीट दोन पाटांवर आडवं ठेवायचं आणि चार-चार बोटांच्या अंतराने ओळीने नाण्याने टकटक करत जायचं. भरीव जागी आवाज कोरडा आणि आखूड येतो. पोकळीवर तो पोकळ नारळासारखा बोदा होतो. तिथे पेन्सिलने गोल करा. दोन-चार गोल चालतील, फक्त ते नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या वळणात येणार नाहीत असा कापाचा आराखडा फिरवा. वळणात पोकळी आली की फळा तिथे गोलाईने वाकायचा सोडून कोन करून मोडतो. शिक्का असलेल्या शीटमध्येही पोकळी सापडते, आणि या मालाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

साडेअकरा फुटांच्या सपाट तळाच्या होडीला तीन शीटं पुरतात. तिसरं शीट मधोमध कापून १२२० बाय १२२०चे दोन तुकडे करायचे आणि पहिल्या दोन शीटांना एकेक जोडायचा. जोड ४८ मिमीचा, म्हणजे जाडीच्या आठपट. अशा रीतीने ३६१२ मिमी लांबीचे दोन फळे तयार होतात. एकातून ४२० मिमी रुंदीच्या दोन्ही बाजू निघतात, आणि उरलेल्या पट्टीतून मागची आडवी फळी दुहेरी करून १२ मिमीची निघते. दुसऱ्यातून १०५० मिमी रुंदीचा तळ. चौरस तुकडा जोडताना हमखास एक चूक होते: लाकडाची उभी रेषा कुठल्या दिशेला हे चौकोनावरून कळत नाही आणि तुकडा आडवा बसतो. मग त्या टोकाला होडी वेगळीच वाकते. कापायच्या आधी शीटवर लांबीच्या दिशेने बाण काढा. जोड नाळेकडे नको. अर्धा तुकडा मागच्या बाजूला ठेवा, तिथे वळण कमी असतं.

जोडाचा उतार काढायला दोन्ही तुकडे एकावर एक, ४८ मिमी मागेपुढे सरकवून ठेवायचे आणि एकत्रच रंधा मारायचा. रंधा चालत गेला की थरांच्या रेघा पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. त्या पट्ट्या पाटावर ओढलेल्या रांगोळीच्या रेघांसारख्या सरळ आणि समांतर दिसल्या, तर उतार बरोबर. कुठे रेघ फुगली किंवा आत गेली तर तिथे खळगा किंवा उंचवटा आहे. नवख्या हाताला याच्यासारखा गुरू नाही. चिकटवताना उताराला आधी नुसती पातळ इपॉक्सी पाजा, दहा मिनिटं थांबा, मग घट्ट केलेली लावा. ही पहिली पाजणी टाळली तर उघड्या तंतूंनी गोंद शोषून घेतला जातो आणि जोड कोरडा राहतो. वरून दाब मध्यम ठेवा. शिकंजा फार आवळला की सगळी इपॉक्सी बाहेर येते.

शिवायला १.२ मिमीची तांब्याची तार आणि २ मिमीची भोकं. भोक कडेपासून १० मिमी आत, दोन भोकांत १५० मिमी, नाळेजवळ ७५ मिमी. सरळ भागात प्लॅस्टिकचे केबल टायही चालतात. बांधकामाची लोखंडी तार घेऊ नका. तिचा तुकडा सांध्यात अडकून राहिला तर एका पावसाळ्यात गंजाचा डाग रंगातून वर येतो. शिवून झाल्यावर, गोंद लावण्याआधी, नाळेच्या टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून मापं जुळवा. पुढे आणि मागे काठावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून डोळा लावा. पट्ट्या समांतर नसतील तर होडीला पीळ आहे, आणि पीळ असलेली होडी कितीही वल्हवली तरी एका अंगाला ओढते. या वेळी तारा सैल करून पीळ काढायला पाच मिनिटं लागतात. गोंद वाळल्यावर तो कायमचा.

गर्जन ताठ असल्यामुळे नाळेकडे तो कुरकुरतो. वाकवण्याच्या भागावर जुने टॉवेल टाकून उकळतं पाणी ओतत राहा, पंधरा-वीस मिनिटांनी तो ऐकतो. मग शिवून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. ओल्या प्लायवर इपॉक्सी लावली की ती दुधाळ होते आणि पुढे सुटते.

आता इपॉक्सी. प्लायइतकाच पैसा तिच्यावर जातो, आणि जायलाही हवा. दहा किलो घ्या: लेपाला साधारण ५ किलो, तळाच्या काचकापडाला (फायबरग्लासच्या विणलेल्या कापडाला) सव्वा किलो, सांध्यांना दीड ते दोन किलो, बाकी हात बसेपर्यंत वाया जाणारी. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (ती कडक करणारा हार्डनर) या जोडीचं प्रमाण वजनाने १०० ला १०. म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर फक्त १० ग्रॅम, आणि त्यात २ ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चूक वीस टक्क्यांची. किराणा दुकानाचा काटा इथे उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. 'लवकर वाळू दे' म्हणून हार्डनर वाढवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. जास्तीचा हार्डनर वाळत नाही, तो चिकट राहतो.

एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा. तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा खरवडा, आणि लगेच पसरट ताटलीत ओता. उभ्या पेल्यात अर्धा किलो कालवून ठेवली तर ती आतल्या आत तापते, धूर सोडते आणि प्लॅस्टिकचा पेला वितळवते. मार्च-एप्रिलच्या उष्म्यात हे फार लवकर होतं. हातमोजे घाला, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

हंगाम दिवाळी ते शिमगा. पावसाळ्याच्या दमट हवेत वाळत्या इपॉक्सीवर मेणासारखा तेलकट थर येतो आणि त्यावर पुढचा हात धरत नाही. हिवाळ्यातही पहाटेच्या दवाने तो येतोच. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या काथ्याने धुवा, पुसा, मगच पॉलिश पेपर मारा. आधी पेपर मारला तर ते मेण लाकडात घासलं जातं. लेप देण्याची वेळ दुपारी दोन-तीनची, छपराखाली. सकाळी लाकूड तापत असतं, आतली हवा फुगते आणि लेपात बुडबुडे उठतात. दुपारनंतर लाकूड निवत जातं, हवा आकसते, आणि इपॉक्सी उलट आत ओढली जाते. दव पडेपर्यंत लेप आळून येतो.

सांधे भरायची लापशी इपॉक्सीत सँडरचं बारीक लाकूडपीठ आणि थोडी सिलिका पावडर घालून करतात. रंध्याचा भुसा नको. कसोटी सोपी आहे: घट्ट श्रीखंडासारखी हवी, चमच्यावरून पडता कामा नये आणि चकाकी गेलेली हवी. आधी तारांच्या मधल्या जागांत ठिपके द्या, वाळल्यावर तारा काढा, मग सलग भरणी. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा २० मिमीच्या गोलाईत कापून त्याने ओढली की कोपरा गुळगुळीत येतो. त्यावर आतून-बाहेरून ७५ मिमीची काचकापडाची पट्टी. तळाला २०० ग्रॅम वजनाचं काचकापड, कडेवरून दोन-तीन इंच वर चढवून.

गर्जनमध्ये तेलकट राळ असते. लेपाआधी ८० नंबरचा पेपर मारा आणि ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. आणखी एक गोष्ट कोकणातच सांगावी लागते: लाकूड दिसलं की उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल पाजायची आपली जुनी सवय आहे. फळ्यांच्या होडीला ते अमृत आहे. प्लायला लावलंत तर त्यावर इपॉक्सी कधीच धरणार नाही, आणि पुसून ते निघत नाही. सुताराला कामाला लावण्याआधी हे स्पष्ट सांगा.

कडा हा सगळ्यात नाजूक भाग. प्लायच्या तोंडाशी उभे तंतू असतात, ते गवताच्या नळीसारखं पाणी ओढतात. प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक भोक, वल्ह्याच्या खुंटीची खाच, सगळ्यांना तीन वेळा इपॉक्सी पाजा. कापताना पोकळी उघडी पडली तर इंजेक्शनच्या सिरिंजने घट्ट मिश्रण आत दाबा. स्क्रूचं भोक दुप्पट मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यात लहान भोक पाडा. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. पितळेचे स्क्रू खाऱ्या पाण्यात गुलाबी पडून ठिसूळ होतात, साधे खिळे तर बोलूच नका.

काठाची पट्टी २० बाय ३५ मिमीची, फणसाची किंवा सागाची. फणस हलका आणि वाकायला बरा. आईन मजबूत, पण या आकाराच्या होडीला विनाकारण जड. दोन्ही टोकांना बैठकीखाली बंद पेट्या करा, होडी भरली तरी तरंगत राहते. पेटीला फिरकीचं झाकण हवंच, नाहीतर आत कोंडलेली दमट हवा ती आतून कुजवते.

तयार होडी ५० किलोच्या आसपास भरते, दोन माणसं उचलतात. दोघं बसल्यावर तळ जेमतेम चार-पाच बोटं पाण्यात जातो, म्हणून ओहोटीच्या उथळ पाण्यातही ती चालते. मालवणकडच्या अरुंद होडीसारखी उलांडी (तोल सांभाळायला बाजूला बांधलेलं लाकूड) लागत नाही. पण सपाट तळ लाटेवर आपटतो. ही होडी वाशिष्ठीच्या, शास्त्रीच्या, कर्लीच्या आतल्या पाण्याची आहे. देवबागला जिथे नदी समुद्राला मिळते तिथल्या फुटत्या लाटांत तिला नेऊ नका. उतरवण्याआधी जवळच्या बंदर कार्यालयात नोंदणीचं विचारून घ्या, आणि होडीत माणसागणिक लाइफ जॅकेट ठेवा.

जुन्या लाकडी होड्यांवर साधी पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचतंतूंची चटई) चढवतात, तसं प्लायवर करायला कुणी सुचवेल. स्वस्त पडतं. पण पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. एका कोपऱ्यातून साल सुटते, आत पाणी शिरतं, आणि वरून होडी चकचकीत दिसत असताना आत प्लाय काळा पडत असतो. नुसती फायबरची तयार होडी घेतली तर हा प्रश्नच नाही. ज्याला बांधायचं नाही, फक्त वापरायची आहे, त्याने तीच घ्यावी. वजनाला आणि वल्हवायला मात्र प्लायची होडी तिच्यापेक्षा कितीतरी हलकी लागते.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर रंग हवाच. आधी इपॉक्सी प्रायमर, मग दोन डबे कालवून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ऑइल पेंट थेट इपॉक्सीवर मारला तर तो दिवसेंदिवस चिकट राहतो. रंग पांढरा किंवा फिकट पिवळा. गडद निळा कितीही देखणा दिसला तरी एप्रिलच्या उन्हात त्याखालची इपॉक्सी मऊ पडते आणि गर्जनची राळ फोड काढून वर येते.

तळ झिजतो तो पाण्याने नाही, जांभ्याने. घाटाच्या जांभ्या पायऱ्यांवरून होडी एक हंगाम ओढली की काचकापड पांढरं दिसायला लागतं. कालवांच्या खडकावर तर एका ओढीत सुरीने कापल्यासारखी रेघ पडते. तळाला लांबीने तीन पट्ट्या लावा, २० बाय ३० मिमीच्या, झिजल्या की बदलायच्या. रेघ पडली तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि इपॉक्सी भरा. 'पुढच्या रविवारी बघू' म्हटलं तर तोवर पाणी थरांत शिरलेलं असतं, आणि तिथला रंग फुगून आल्यावरच ते कळतं.

कुजण्याचा धोका खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याचा जास्त. मीठ बुरशीला आवरतं, गोडं पाणी तिला पोसतं. मे संपता संपता होडी वर घ्या, आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, आठवडाभर वाळवा, पेट्यांची झाकणं काढा आणि मांगरात (शेतावरच्या छपरात) दोन ओंडक्यांवर पालथी ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटून आषाढातच काळी बुरशी धरते. मांगर नसेल तर वर झापं (विणलेल्या झावळ्या) टाका आणि खालून वितभर वारा खेळता ठेवा. नारळी पौर्णिमेआधी ती उलटून सगळ्या कडांवरून अंगठ्याचं नख फिरवा. जिथे नख रुततं तिथलं लाकूड पटाशीने कोरून काढा, सुकवा आणि भरा, मगच होडी पाण्यात.